मंडपात एचआयव्हीचा विषय घ्यायचाय, मंडळातच दोन गट पडलेत

चाळीचा_चिटणीस:

नमस्कार मंडळी. आमची लालबागच्या पट्ट्यातली जुनी चाळ, मंडळ छोटंच आहे, दहा दिवस चाळीतले लोक आणि आजूबाजूच्या दोन-तीन बिल्डिंगमधले एवढीच गर्दी. या वर्षी चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलंय. दरवर्षी देखाव्याला काहीतरी सामाजिक विषय असतो, पाणी वाचवा झालं, मोबाईलचं व्यसन झालं, तर मीटिंगमध्ये मी एचआयव्हीचा विषय काढला आणि तिथेच पेटलं.

अध्यक्षांना विषय आवडला पण त्यांची कल्पना अशी की मंडपातच फुकट रक्ततपासणीचं शिबिर लावू, म्हणजे सगळ्यांची टेस्ट होऊन जाईल, नगरसेवकांना बोलवू, फोटो येतील. पोरांचं म्हणणं की हलता देखावा करू, एड्स नावाचा राक्षस आणि बाप्पा त्याचा वध करतो, धूर, लाल लाईट वगैरे. आणि ज्येष्ठ मंडळी म्हणतात बायका-पोरं दर्शनाला येतात, देवाच्या दारात असले विषय नकोत.

मी हा विषय का काढला ते सांगतो, पण ओळख पटेल असं काही लिहीत नाही. आमच्याच वस्तीत एक ताई आहेत, नवरा गेला, कशाने गेला ही बातमी कुठूनतरी फुटली. तेव्हापासून नळावर त्यांची कळशी लोक बाजूला सरकवतात, पायाने. मागच्या गणपतीत त्यांनी एकवीस मोदक करून आणले, ताट स्वीकारलं सगळ्यांनी, हसत स्वीकारलं, आणि संध्याकाळी ते मोदक तसेच्या तसे कागदात बांधलेले मंडपामागे दिसले. कोणी काही बोललं नाही. मीपण नाही.

तर प्रश्न असा की करावं काय, कोणाला भेटावं, आणि असल्या वागण्याला कायदा वगैरे काही आहे का? तीन आठवडे हातात आहेत.

शिवडीचा_शाना:

भावा स्पष्ट बोलतो, राग मानू नको. रक्तदान शिबिर लाव आणि मोकळा हो. या विषयात पडलास तर वर्गणी घटेल, वर लोक म्हणतील चिटणीसालाच काहीतरी असेल म्हणून एवढा कळवळा आलाय. मुंबईत प्रत्येक सरकारी दवाखान्यात पोस्टर लागलेत, सगळ्यांना सगळं माहीत आहे आता.

चाळीचा_चिटणीस:

सगळ्यांना सगळं माहीत असतं तर मोदक मंडपामागे गेले नसते ना दादा.

समुपदेशक_सिस्टर:

मी बरीच वर्षं पालिकेच्या एका हॉस्पिटलात एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक होते, आता रिटायर. तुमच्या अध्यक्षांना माझा नमस्कार सांगा आणि ते शिबिर आजच्या आज रद्द करा.

कारण सांगते. टेस्ट ही सुई टोचून दोन मिनिटांत उरकायची गोष्ट नाही. आधी माणसाशी बोलायचं असतं, टेस्ट कशाची आहे, रिझल्ट आला तर पुढे काय, त्याची समजून घेऊन दिलेली संमती पाहिजे, आणि रिझल्टनंतर परत बोलायचं असतं, निगेटिव्ह आला तरीसुद्धा. शिबिरात जी होते ती पहिली चाचणी, ती रिॲक्टिव्ह आली, म्हणजे नुसता संशय दाखवला, म्हणून माणूस पॉझिटिव्ह झाला असं नसतं, आपल्याकडे तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री केल्याशिवाय कोणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. आणि लागण होऊन काही आठवडेच झाले असतील तर टेस्टमध्ये दिसतसुद्धा नाही. आता हे सगळं तुम्ही मंडपाच्या पडद्यामागे करणार, बाहेर अख्खी चाळ रांगेत, पाच मिनिटांत बाहेर येणारा एक आणि अर्धा तास आत बसून डोळे पुसत येणारा दुसरा. त्याचा रिपोर्ट कोणी वाचायची गरजच नाही, रात्रीच्या आरतीपर्यंत बातमी तिसऱ्या मजल्यावर गेलेली असेल. अध्यक्षांना मंडपात फोटो हवेत, पण टेस्ट करणाऱ्याला तिथे कोणी ओळखीचं दिसू नये असं वाटत असतं, दोन्ही एकत्र जमणार नाही.

त्यापेक्षा टेस्ट कुठे होते ते लोकांना सांगा. केईएम, नायर, सायन, जेजे सगळीकडे फुकट होते, औषधं पण तिथेच. राष्ट्रीय हेल्पलाईन १०९७, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. वडाळ्याला ॲक्वर्थ हॉस्पिटलच्या आवारात मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेचं ऑफिस आहे, तिथे मंडळाच्या लेटरहेडवर पत्र घेऊन जा, माहितीपत्रकं मागा, बोलणारा माणूस मागा. उशीर करू नका, गणपतीच्या तोंडावर सगळ्यांचीच गडबड असते.

आणि शिवडीच्या दादांसाठी, हो पोस्टर खूप लागली. नव्वदच्या दशकात कवटी आणि हाडांची लागली होती. ती बघून केंद्रात आलेले लोक मी बघितलेत, आजाराची माहिती शून्य आणि भीती मात्र पाठ. मच्छरापासून होतो का, जेवणाच्या डब्यातून होतो का, संडासातून होतो का, हेच तीन प्रश्न शेवटच्या दिवसापर्यंत ऐकले. नाही होत, तिन्हीतून नाही होत.

रोज_एक_गोळी:

मी पॉझिटिव्ह आहे. नाव-गाव विचारू नका, मध्य रेल्वेने प्रवास करतो एवढं पुरे.

तो राक्षस तेवढा कॅन्सल करा रे पोरांनो. तुमच्या डोक्यात राक्षस म्हणजे व्हायरस असेल, मान्य आहे, पण समोर उभ्या असलेल्या आजीला व्हायरस दिसत नसतो, तिला दिसतो शेजारचा तो ज्याच्याबद्दल कुजबुज आहे. बाप्पाने भाला मारला की पब्लिक टाळ्या वाजवणार आणि माझ्यासारखा कोणीतरी त्याच गर्दीत हातात प्रसाद घेऊन उभा असणार. ती तुमची ताई उभी असणार. कोणाच्या वधाला टाळ्या वाजवायच्या तिने?

देखाव्यात सांगायचंच असेल तर हे सांगा जे अजूनही कोणाला माहीत नाही. मी रोज रात्री जेवल्यावर एक गोळी घेतो, एकच, तीन औषधं त्यात एकत्र असतात, सरकारी केंद्रातून फुकट मिळते. माझ्या रक्तात व्हायरस इतका कमी झालाय की टेस्टमध्ये मोजता येत नाही, आणि असं टिकून राहिलं की शरीरसंबंधातूनसुद्धा तो दुसऱ्याला जात नाही. परत वाचा, जात नाही. मोठमोठे अभ्यास झालेत यावर, जगभरचे डॉक्टर मानतात. माझ्या बायकोला माहीत आहे, ती निगेटिव्ह आहे, आमचा मुलगा निगेटिव्ह आहे. आईच पॉझिटिव्ह असेल तर उपचार नसताना बाळाला लागण व्हायचा धोका साधारण १५ ते ४५ टक्के असतो, तोच वेळेवर औषध सुरू केलं तर ५ टक्क्यांच्या खाली येतो. हे हळदीकुंकवाला सांगायला पाहिजे, तिथे सुना असतात.

आणि ही गोळी काही आभाळातून पडली नाही. २००० सालाच्या आसपास या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता, म्हणजे आपल्यासाठी नव्हतीच ती. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्याच सिप्ला या औषध कंपनीने एका आंतरराष्ट्रीय डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देतो म्हणून सांगितलं आणि जगभर किमती कोसळल्या. तरी आपल्याकडे सरकारी केंद्रात फुकट मिळायला १ एप्रिल २००४ उजाडला, पहिल्या आठ हॉस्पिटलांत आपलं जेजे होतं. मधल्या वर्षांत पॉझिटिव्ह लोकांच्या संघटना आणि वकील सतत मागे लागलेले होते. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा पडला तेव्हा दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, ऑफिससमोर पॉझिटिव्ह लोक महिन्याच्या वर बसून होते, पेपरात कोपऱ्यात आलं असेल. जागृती म्हटलं की लोकांना वाटतं आम्हाला कोणीतरी समजवायचंय, अरे बाबांनो आमची पोरंच रस्त्यावर बसलीयेत.

एक शेवटचं. स्टेजवर पॉझिटिव्ह माणूस बोलवायची आयडिया कोणीतरी काढेलच, नेहमी काढतात. स्वतःहून यायला तयार असणारे आहेत, संघटनेतर्फे विचारा, बाहेरच्या भागातला माणूस बोलवा. चाळीतल्या त्या ताईंना चुकूनही विचारू नका. विचारलंत म्हणजेच तुम्हाला माहीत आहे हे त्यांना सांगितलंत.

नामानिराळा:

सगळं पटतंय पण एक प्रॅक्टिकल प्रश्न, कोणी अंगावर येऊ नका. चाळीत पोरं एकत्र खेळतात, पडतात, रक्त येतं, संडास कॉमन आहे. मग शेजाऱ्यांना माहीत असायला नको का कोणाला आहे ते? आपली काळजी आपण घेतली तर त्यात भेदभाव कसला?

समुपदेशक_सिस्टर:

अंगावर नाही येत, प्रश्न बरोबर जागी विचारलात. ज्यांना पॉझिटिव्ह आहे हे माहीत आहे आणि औषध चालू आहे त्यांच्यापासून धोका सगळ्यात कमी. ज्याने कधी टेस्टच केली नाही तो तुमच्या यादीत येणारच नाही, आणि तो तुम्ही पण असू शकता, मी पण. म्हणून हॉस्पिटलात नियम असा की प्रत्येक पेशंटचं रक्त सारख्याच काळजीने हाताळायचं, ग्लोव्हज सगळ्यांसाठी. पोराचं गुडघं फुटलं तर पाण्याने धुवा, पट्टी बांधा, कोणाचंही पोर असो. अशाने एचआयव्ही होत नाही. यादी करून फायदा एकच होतो, ते घर वाळीत पडतं.

काळा_कोट_फोर्ट:

यादीवरून आठवलं, कायद्याचं सांगतो, चिटणीस साहेबांनी विचारलंच होतं. जरा लांबेल.

कायदा आहे आणि चांगला आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. नोकरी, शिक्षण, दवाखाना, भाड्याचं घर, सार्वजनिक सोयी, यात कुठेही एचआयव्हीवरून भेदभाव करायचा नाही असं त्यात स्वच्छ लिहिलंय, आणि संरक्षण फक्त पॉझिटिव्ह माणसाला नाही, त्याच्याबरोबर राहणाऱ्याला किंवा राहिलेल्यालाही आहे. म्हणजे त्या ताई स्वतः पॉझिटिव्ह आहेत की नाहीत हा प्रश्नच गैरलागू, आणि प्लीज तो इथेही कोणी विचारू नका. नळ सार्वजनिक असेल तर नळावरची अडवणूक यात येते. मोदक टाकून दिले याला कलम नाही लागत, त्याला तुमचं मंडळच काय ते.

नामानिराळा यांच्यासाठी, कोणालाही आपला एचआयव्ही स्टेटस सांगायची सक्ती करता येत नाही आणि दुसऱ्याने तो त्याच्या लेखी संमतीशिवाय सांगायचा नाही, काही ठरावीक अपवाद सोडून. अपवादातला महत्त्वाचा म्हणजे जोडीदार, तोही डॉक्टर किंवा समुपदेशकाने ठरलेल्या पद्धतीने सांगायचा. दुसऱ्याला लागण होऊ नये याची काळजी घ्यायची जबाबदारी पॉझिटिव्ह माणसावरही याच कायद्याने टाकली आहे, म्हणजे एकतर्फी नाही. पण अपवादात चाळीचा सेक्रेटरी नाही, शेजारी नाही, शाळेतल्या इतर पोरांचे पालक नाहीत.

अजून एक, द्वेष पसरवणारं काही छापलं किंवा प्रसिद्ध केलं तर तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तुमच्या पोरांच्या राक्षसाला मी त्यात बसवत नाही, पण व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकून मेसेज फिरवणाऱ्यांना एकदा वाचून दाखवा. तक्रारीसाठी राज्य सरकारने लोकपाल, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, नेमायची तरतूद आहे, त्याने ३० दिवसांत आदेश द्यायचा, आणि वैद्यकीय तातडी असेल तर शक्यतो २४ तासांत. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात तक्रार अधिकारी पाहिजे, दवाखान्यांना तर वीसच माणसांची अट आहे. किती ठिकाणी नेमलाय ते विचारून बघा, माझ्या अशिलांनी विचारलं तेव्हा समोरच्याने आधी विचारलं असा कायदा आहे का.

या कायद्याचं मूळ बरंचसं आपल्या हायकोर्टात आहे. १९८९ मध्ये गोव्यात एका तरुणाने रक्तदान केलं, पॉझिटिव्ह निघाला, पोलिसांनी उचलून दोन महिने बंद करून ठेवला, कारण तेव्हा गोव्याच्या कायद्यात तसं करता येत होतं. डॉमिनिक डिसूझा. त्याच्या आईने कोर्टात केस लढवली. पुढे त्याने स्वतः संस्था काढली, १९९२ मध्ये गेला. मग १९९७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आला, एका सरकारी कंपनीतल्या हंगामी कामगाराला एचआयव्हीमुळे कामावरून दूर ठेवलं होतं, कोर्टाने सांगितलं की माणूस काम करायला तंदुरुस्त असेल आणि इतरांना धोका नसेल तर नुसत्या एचआयव्हीवरून नोकरी नाकारता येणार नाही. त्याला स्वतःचं नाव न देता एमएक्स या नावाने लढू दिलं, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती. आज कायद्यातच नाव झाकून केस चालवायची सोय आहे.

सासरच्यांनी घराबाहेर काढलं असेल तर तो वेगळा मुद्दा, त्याला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा जास्त उपयोगी पडतो. कोणाला गरज असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट वकील मिळतो, बाईला तर उत्पन्नाची अटसुद्धा नाही.

रोज_एक_गोळी:

वकील साहेब, त्या २४ तासांवरून सांगतो. उपनगरातल्या एका खासगी हॉस्पिटलात हर्नियाच्या ऑपरेशनला गेलो होतो, मला न विचारताच टेस्ट केली आणि नंतर म्हणाले आमच्याकडे आज मशीन बिघडलंय. पुढच्या आठवड्यात फोन केला, तरी बिघडलेलंच. शेवटी सरकारीत झालं, व्यवस्थित झालं. तेव्हा लोकपाल वगैरे काही माहीत नव्हतं. हे मंडपात लावा हो, बाप्पाच्या बाजूला मोठ्या अक्षरात, की न विचारता टेस्ट करायची नाही आणि ऑपरेशनला नाही म्हणायचं नाही.

घाटकोपरची_वहिनी:

आमच्या महिला मंडळाने केलं होतं असं काहीतरी, नवरात्रात. पुरुषांच्या मीटिंगमध्ये फुकट वेळ घालवू नका, बायकांकडे सोपवा. भाषण ठेवलं की बायका मान खाली घालून बसतात, मोबाईल काढतात. आम्ही फक्त एक बंद डबा ठेवला, चिठ्ठी टाका, नाव नको. बाई गं काय काय प्रश्न निघाले! नवरा परगावी कामाला असतो, कंडोम वापर कसं सांगू. ब्लेडने न्हावी दाढी करतो ते चालतं का. मुलीच्या लग्नाआधी मुलाची टेस्ट मागितली तर लग्न मोडेल का. शेवटचा प्रश्न तर चारजणींनी वेगवेगळ्या अक्षरात विचारला होता. उत्तरं द्यायला सिस्टरांसारखी एक बाई आली होती, माईकवर चिठ्ठी वाचायची आणि उत्तर द्यायचं, दीड तास कोणी जागचं हललं नाही.

आणि तुमच्या त्या ताईंचं. माहितीच्या बोर्डाने त्यांच्या घरी काही पोचणार नाही हो. त्यांना आरतीला उभं करा, बाकीच्यांना करता तसंच. नैवेद्याची पाळी लावता ना घराघराला, त्यात त्यांचं घर वगळलंय का ते आधी बघा. नसेल वगळलं तर मोदक आले की पहिला तुम्ही खा, सगळ्यांसमोर, अध्यक्षांना पण द्या. काही घोषणा नको, भाषण नको, विषय पण काढू नका, नुसतं खा. विधवा म्हणून हळदीकुंकवाला बोलवत नसाल तर तो अजून एक प्रकार आहे, त्यावर मी सुरू झाले तर थांबणार नाही.

शिवडीचा_शाना:

वहिनी बरोबर बोलल्या. पण वर्गणीचं माझं म्हणणं कायम आहे बरं का.

चाळीचा_चिटणीस:

सगळ्यांचे आभार. काल मीटिंग झाली, दोन तास. शिबिर रद्द, सिस्टरांचा मेसेज मी जसाच्या तसा वाचून दाखवला, अध्यक्ष तीन चाचण्यांपाशीच गप्प झाले. राक्षसावरून पोरं रुसली होती, मग त्यांना पथनाट्य दिलंय, हॉस्पिटलातलं "मशीन बिघडलंय" वालं, रोज_एक_गोळी यांनी परवानगी दिली तर. चिठ्ठ्यांचा डबा महिला मंडळाने लगेच उचलला. अहवालात शेवटच्या पानावर दरवर्षी एका बिल्डरची जाहिरात असते, तिथे कायद्याची माहिती छापायची असं मी म्हटलं तर खजिनदार उठून उभे राहिले, म्हणून आता आतल्या पानावर. वडाळ्याला सोमवारी जातोय.

नैवेद्याची यादी बघितली. वहिनी, तुमचा अंदाज खरा निघाला, त्यांचं घर नव्हतं. यादी मीच टाईप करतो आता, तिसऱ्या दिवशी दुपारची पाळी टाकलीये त्यांना, आमच्या घराच्या आधी. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही, आलं की बोंब होईल, बघू.

रोज_एक_गोळी:

परवानगी आहे. फक्त हर्निया नका म्हणू, अपेंडिक्स म्हणा. ऑफिसमधले दोघं लालबागला येतात दर्शनाला.

समुपदेशक_सिस्टर:

वडाळ्याला सकाळीच जा, साडेदहा-अकराला. आणि १०९७ चा बोर्ड मराठीबरोबर हिंदीत पण करा, तुमच्याकडे नाक्यावर कामाला उभी राहणारी माणसं असतात, तीही वाचतील. बोर्ड मंडपाच्या आत नको, बाहेर चपला काढतात तिथे लावा. आत कोणी थांबून वाचत नाही.